वॉरंटीनंतरचा देखभाल करार: वाटाघाटीची ताकद कुठे गेली?

प्रयोगशाळेतल्या उपकरणाची वॉरंटी संपायला महिना-दोन महिने उरले की पुढच्या देखभालीसाठी कंपनीचं कोटेशन येतं. त्यात बहुधा दोन पर्याय असतात. एएमसी (वार्षिक देखभाल करार) घेतली तर इंजिनिअरची मजुरी आणि ठरलेल्या पीएम व्हिजिट (बिघाड टाळण्यासाठीच्या नियमित भेटी) मिळतात, सुट्या भागांचे पैसे वेगळे. सीएमसी (सर्वसमावेशक देखभाल करार) घेतली तर भागही धरलेले, पण रक्कम बरीच मोठी. प्रयोगशाळा सवलत मागते, थोडीफार मिळते, सही होते. या सगळ्याला वाटाघाट म्हणण्याची पद्धत आहे. पण सुटे भाग कोण विकणार, यंत्राच्या सॉफ्टवेअरची किल्ली कोणाकडे आणि दुरुस्तीच्या नोंदीवर कोणाची सही चालणार, या तीन गोष्टी तोवर ठरून गेलेल्या असतात. किंमत त्यांच्यावर अवलंबून असते आणि त्या तिन्ही एकेकाळी बऱ्याच अंशी प्रयोगशाळेच्याच हातात होत्या.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उपकरणं बऱ्याचदा प्रयोगशाळेतच जुळवली जायची. काच फुंकणारा, लेथवर काम करणारा, तारा जोडणारा अशी माणसं संस्थेच्या वर्कशॉपमध्ये असत. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्नोल्ड बेकमन यांचा आम्लता मोजणारा पीएच मीटर १९३५च्या सुमारास आणि द्रावण किती प्रकाश शोषतं हे मोजणारा डीयू स्पेक्ट्रोफोटोमीटर १९४१मध्ये बाजारात आला, तेव्हा तयार, पेटीबंद उपकरण विकत घेण्याची सवय रुजू लागली. तरी दुरुस्ती परकी झाली नव्हती. टेक्ट्रॉनिक्ससारख्या कंपन्यांच्या ऑसिलोस्कोपबरोबर (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाबरोबर) येणाऱ्या मॅन्युअलमध्ये संपूर्ण सर्किट आकृत्या आणि दोष शोधण्याची पद्धत छापलेली असे. व्हॉल्व्ह (इलेक्ट्रॉनिक निर्वात नळी) गेला तर संस्थेचा तंत्रज्ञ तो बदलायचा. अशा वेळी करार हवाच असं नव्हतं, आणि हवा असेल तर 'नको' म्हणण्याची ताकद ग्राहकाकडे होती.

दुरुस्ती हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो हे आधी संगणकांच्या जगात ठरलं. आयबीएम आपली यंत्रं विकत नसे, भाड्याने देई आणि देखभाल भाड्यातच धरलेली असे. १९५६मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीत कंपनीला यंत्रं विकायलाही भाग पाडलं गेलं, शिवाय यंत्रमालकांना आणि बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग रास्त अटींवर द्यावेत असंही ठरलं. मूळ निर्मात्याशिवाय दुसरा कोणी यंत्र सांभाळू शकतो, या कल्पनेला तिथे कायदेशीर पाया मिळाला.

सत्तरच्या दशकात मायक्रोप्रोसेसर उपकरणांत शिरले आणि दुरुस्तीची पद्धतच पालटली. एखादा कपॅसिटर शोधून बदलण्यापेक्षा अख्खा सर्किट बोर्ड बदलणं सोपं झालं. जुना बोर्ड कारखान्यात परत, नवा यंत्रात, आणि बिल बोर्डाचं. भागाची किंमत आणि दोषाची किंमत यांचा संबंध तुटला तो इथे. सीएमसीचा आकडा आजही इतका मोठा का दिसतो, याचं एक मोठं कारण मला यात दिसतं: प्रयोगशाळा यात एक-दोन बोर्डांच्या धास्तीचा विमा काढत असते.

त्याच दशकात दुसरा बदल कागदावर झाला. औषधांच्या सुरक्षिततेच्या चाचण्या करणाऱ्या काही अमेरिकी प्रयोगशाळांतले गैरप्रकार उघड झाल्यावर तिथल्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) १९७८मध्ये जीएलपीचे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चांगल्या कार्यपद्धतीचे, नियम जाहीर केले. उपकरणाची तपासणी, देखभाल आणि कॅलिब्रेशन यांची लेखी नोंद ठेवणं बंधनकारक झालं. १९८१मध्ये ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने अशीच तत्त्वं स्वीकारली, १९९९मध्ये आयएसओ १७०२५ हे चाचणी आणि कॅलिब्रेशन प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. हे सगळं आवश्यकच होतं. मात्र त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही: सर्व्हिस रिपोर्ट हा ऑडिटचा पुरावा झाला. दुरुस्ती कोणी केली याची नोंद ठेवणं आणि ती करणाऱ्याची पात्रता दाखवता येणं, एवढी अपेक्षा असते. निर्मात्याचाच इंजिनिअर हवा, असं या नियमांत म्हटलेलं नाही. तरी ऑडिटच्या भीतीने कंपनीचाच शिक्का सुरक्षित वाटू लागला आणि कोटेशन देणाऱ्याची बाजू आणखी भक्कम झाली.

या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा खटला प्रयोगशाळेच्या उपकरणांचा नाही, फोटोकॉपी आणि मायक्रोफिल्म यंत्रांचा आहे. ऐंशीच्या दशकात स्वतंत्र दुरुस्ती कंपन्या कोडॅकची यंत्रं कोडॅकपेक्षा बऱ्याच कमी दरात सांभाळू लागल्या होत्या. मग कोडॅकने धोरण बदललं. सुटे भाग मिळणार ते फक्त कोडॅककडून सर्व्हिस घेणाऱ्यांना किंवा स्वतःची यंत्रं स्वतः दुरुस्त करणाऱ्यांना. १९८७मध्ये या छोट्या कंपन्या न्यायालयात गेल्या. १९९२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की हा खटला चालायलाच हवा. कोडॅकचा युक्तिवाद सरळ होता: नव्या यंत्रांच्या बाजारात आम्हाला भरपूर स्पर्धा आहे, सर्व्हिस महाग केली तर ग्राहक दुसरं यंत्र घेतील. न्यायालयाला तेवढ्यावर ते पटलं नाही. यंत्र घेताना पुढच्या अनेक वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च किती होईल हे ग्राहकाला सहज कळत नाही आणि एकदा घेतल्यावर दुसऱ्याकडे वळणं फार महाग पडतं, म्हणून तो अडकतो, हे निकालपत्रात स्पष्ट मांडलं आहे. पुढे १९९५मध्ये ज्युरीने कोडॅकविरुद्ध कौल दिला.

ते निकालपत्र वाचताना एका साध्या वाक्यावर मी थांबलो. वॉरंटीनंतर कोडॅक एकतर भागांसह वार्षिक करार देते किंवा कॉलमागे पैसे घेते, आणि वेगवेगळ्या ग्राहकांना वाटाघाटीनुसार वेगवेगळे दर लावते, अशी नोंद तिथे आहे. म्हणजे छापील दर हा अंतिम नसतो, हे फार पूर्वीच न्यायालयाच्या कागदावर आलेलं आहे. आजही सवलत मागायला संकोचणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

भागांची वाट अशी थोडी मोकळी होत असताना सॉफ्टवेअरचा दरवाजा लागला. १९९३च्या एमएआय विरुद्ध पीक खटल्यात, बाहेरच्या तंत्रज्ञाने दुरुस्तीसाठी संगणक सुरू केला की मेमरीत उतरणारं सॉफ्टवेअर ही कॉपीराइट मोडणारी प्रत ठरते, असा निकाल आला. केवळ यंत्र चालू करणं गुन्ह्यासारखं झालं. १९९८मध्ये अमेरिकी संसदेने कायदा बदलून दुरुस्तीसाठी यंत्र चालू करण्याची सूट दिली. पण सर्व्हिस पासवर्ड, डोंगल (सॉफ्टवेअर उघडण्यासाठी जोडावी लागणारी छोटी किल्ली) आणि निदानाचं वेगळं सॉफ्टवेअर यांचं काय, हा प्रश्न उरलाच. बोर्ड बाहेरून मिळाला तरी तो यंत्राला ओळखायला लावण्यासाठी कंपनीचा लॅपटॉप लागतो, अशी उपकरणं आज कमी नाहीत.

करारातली कलमं या पार्श्वभूमीवर वाचली की त्यांचा रोख कळतो. एचपीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक द्रवाच्या दाबाखाली वेगळे करणाऱ्या यंत्राच्या, पंपाचंच घ्या. बफर (क्षारयुक्त द्रावण) चालवल्यावर पंप पाण्याने धुतला नाही तर सीलमागे क्षाराचे स्फटिक जमतात, ते प्लंजरवर (पंपाच्या मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यावर) ओरखडे पाडतात आणि मग नवा सीलही गळू लागतो. सील कन्झ्युमेबल (वापराने झिजणारी वस्तू) म्हणून कराराबाहेर, प्लंजर कराराच्या आत, आणि ओरखडा 'अयोग्य वापर' म्हणून पुन्हा बाहेर. भांडण होतं ते या ओळीवर. म्हणून भागांची यादी नावानिशी मागावी. डिटेक्टरचा ड्यूटेरियम दिवा, चेक व्हॉल्व्ह, मास स्पेक्ट्रोमीटरचा टर्बोपंप कुठल्या रकान्यात आहे हे सहीआधीच पाहावं.

प्रतिसादाच्या वेळेचंही तसंच. ४८ तासांत प्रतिसाद म्हणजे बऱ्याचदा ४८ तासांत फोन. यंत्र चालू व्हायची मुदत वेगळी लिहून घ्यावी लागते. ९५ टक्के अपटाइम (यंत्र चालू असण्याचा काळ) ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्यात वर्षाला १८ दिवस यंत्र बंद ठेवण्याची मोकळीक आहे. पीएम व्हिजिटचे दिवस त्यात धरले आहेत की नाहीत, आणि मुदत चुकली तर करार तेवढे दिवस वाढतो की पैसे परत मिळतात, हेही लिहिलेलं हवं. वॉरंटी आणि करार यांच्यात खंड पडला तर पुन्हा करारात घेताना तपासणीचे वेगळे पैसे लावण्याची प्रथा आहे. कोटेशनवर महिनोन्‌महिने फाइल अडवून ठेवणाऱ्या कार्यालयांना हा भुर्दंड हमखास बसतो.

या सगळ्यावरचा सगळ्यात कामाचा उपाय खरेदीच्या टप्प्यावरचा आहे. वॉरंटीनंतरच्या काही वर्षांच्या सीएमसीचा दर निविदेतच मागायचा आणि एकूण किमतीची तुलना तो धरून करायची, ही पद्धत सार्वजनिक खरेदीत बऱ्याच ठिकाणी आली आहे. यंत्र अजून विकलं गेलेलं नसतं, समोर स्पर्धक बसलेला असतो, तेव्हाच दर उतरतात. त्याच वेळी सर्व्हिस मॅन्युअल, निदानाच्या सॉफ्टवेअरचा वापर आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील याची लेखी हमी मागता येते. नंतर मागितलं तर उत्तर सौजन्याचं येतं, कागद येत नाही.

बाहेरच्या दुरुस्तीवरचा संशय मात्र हळूहळू पुराव्याच्या कसोटीला लागतो आहे. वैद्यकीय उपकरणांबाबत एफडीएने २०१८च्या अहवालात म्हटलं, की त्रयस्थ दुरुस्तीमुळे सार्वजनिक आरोग्याला व्यापक धोका आहे की नाही, याचा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. २०२१मध्ये अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाच्या शिफारशीवरून वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरचं कुलूप उघडायची सूट मिळाली, २०२४मध्ये ती पुन्हा दिली गेली. ही सूट कुलूप उघडण्यापुरती आहे. उघडण्याचं साधन बनवून दुसऱ्याला विकायची परवानगी तीत नाही, त्यामुळे ज्या प्रयोगशाळेकडे स्वतःचा जाणकार माणूस नाही तिला तिचा उपयोग अजून मर्यादितच आहे.