भावमुख (तेत देक्स्प्रेस्याँ)

फ्रेंच शाही चित्र-शिल्प अकादमीच्या (स्थापना १६४८) परंपरेतील, एकच मनोविकार दाखविणारे मस्तकाचे अभ्यासचित्र. मराठीत रूढ संज्ञा नसल्याने ‘भावमुख’ हा पर्याय येथे योजला आहे.

या प्रकाराचे मूळ शार्ल ल ब्रं (१६१९–९०) या फ्रेंच चित्रकाराच्या भावाभिव्यक्तीवरील व्याख्यानात शोधले जाते. ते साधारणतः १६६८ मधील मानतात. सचित्र ग्रंथरूपाने ते १६९८ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर आले. त्याचा वैचारिक आधार वादाचा आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मनोविकारांवरील ग्रंथाचे (१६४९) ऋण उघड दिसते : आत्म्याचे कार्यस्थान मेंदूतील पीनियल ग्रंथी, म्हणून तिला जवळचा चेहरा सर्वांत बोलका. डोळ्याच्या बाहुलीवरून मन क्षुब्ध आहे एवढेच कळते. क्षोभ कोणता, ते भुवई सांगते. भुवई मेंदूकडे चढली तर वृत्ती सौम्य, हृदयाकडे उतरली तर उग्र. मात्र ही दुहेरी विभागणी देकार्तची नव्हे. ती इच्छामूलक आणि क्रोधमूलक प्रवृत्तींच्या जुन्या स्कोलास्टिक (मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानातील) भेदातून येते. क्युरो द ला शांब्र या वैद्याच्या लेखनाचाही प्रभाव काही अभ्यासक दाखवितात. तेव्हा ल ब्रंला निव्वळ देकार्तवादी ठरविण्यापेक्षा संकलक मानणे अधिक सयुक्तिक. (नवरसांशी तुलना सुचते खरी, पण येथे रसिकाच्या आस्वादाचा नव्हे, स्नायूंच्या हालचालीचा विचार आहे.)

ल ब्रंचे नमुने विद्यार्थी गिरवीत राहिले आणि भाव मुखवट्यासारखे ठरीव झाले. यावर उपाय म्हणून केल्यूसचा सरदार या कलासंग्राहकाने १७५९–६० च्या सुमारास भावमुखाची स्पर्धा सुरू केली. तीत जिवंत मॉडेलवरून चित्र काढावे लागे. कोशँ या चित्रकाराच्या १७६१ च्या रेखाटनात मॉडेल म्हणून स्त्री बसलेली दिसते; एरवी अकादमीच्या नग्नाभ्यासवर्गात पुरुषच असत. अर्थात मॉडेलने सांगितलेला भाव तासन्‌तास धरून ठेवायचा म्हणजे तोही अभिनयच. झाक-ल्वी दाविद या चित्रकाराला १७७३ मध्ये ‘दुःख’ या चित्रासाठी हे पारितोषिक मिळाले.

क्रांतिकाळात, १७९३ मध्ये अकादमी बरखास्त झाली. स्पर्धा पुढे एकोल दे बोझार या कलाशाळेत चालू राहिली. १८६२ मध्ये द्यूशेन या वैद्याने विजेच्या प्रवाहाने चेहऱ्याचे स्नायू आकुंचित करून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. लाओकून या प्राचीन शिल्पातील कपाळाच्या सुरकुत्या शरीररचनेच्या दृष्टीने अशक्य आहेत, असे त्याने त्यात दाखविले.

याच परंपरेत घडलेल्या विल्यम बुगरो (१८२५–१९०५) या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांत त्वचेचा गुळगुळीत, जवळजवळ छायाचित्री खरेपणा आणि योजून बसविलेला भाव एकत्र येतात. त्यालाच टीकाकार कृत्रिम म्हणत. ‘पहिला शोक’ (१८८८) मध्ये मात्र मृत आबेल (आदम-हव्वेचा मुलगा) आदमच्या मांडीवर आडवा आहे आणि हव्वेने आपला चेहरा हातांत झाकून घेतला आहे. ही युक्ती जुनीच : इफिजिनियाच्या बळीच्या चित्रात तिमांथीस या प्राचीन ग्रीक चित्रकाराने तिचा पिता अगामेम्नॉन याचे तोंड वस्त्राने झाकले होते, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो.