सायकोसिसच्या गोळ्या: प्रत्येक तपासणीमागे एक अपघात

स्किझोफ्रेनिया हा सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होणारा मनोविकार. त्याच्या रुग्णाला रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिनची गोळी सुरू झाली की घरचे विचारतात, 'हा आता झोपूनच राहणार का?' वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल यांची पहिली नोंद मात्र बऱ्याचदा राहून जाते. ही नोंद कागद भरायला मागत नाहीत. या औषधांचा जवळजवळ प्रत्येक नियम आधी कुणीतरी त्रास भोगल्यावर आला आहे.

सुरुवात आपल्याच मातीतली. सह्याद्रीत मिळणाऱ्या सर्पगंधेची मुळी उन्माद आणि रक्तदाबावर चालते, हे 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी प्रसिद्ध केले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातून रेझरपिन हे औषधी द्रव्य वेगळे काढले. पण त्याने रक्तदाब घसरे, काहींना उदासी येई, म्हणून ते मागे पडले. 'झाडपाल्याचंच आहे' म्हणून मुळी दळून देणारे आजही भेटतात. रक्तदाबाची गोळी आधीच चालू असेल तर चक्कर येऊन पडायला तेवढे पुरते.

पुढचे औषध क्लोरप्रोमाझिन. ते फ्रान्समध्ये डिसेंबर 1950 मध्ये तयार झाले, तेही मनोविकारासाठी नव्हे. सर्जन लाबोरी शस्त्रक्रियेआधी ते वापरू लागले आणि रुग्ण शुद्धीत असून निर्विकार राहतो हे त्यांच्या लक्षात आले. 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ डिले आणि डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिले. 1958 मध्ये हॅलोपेरिडॉल हे तसेच औषध आले. या औषधांआधी गंभीर आजाऱ्याला मनोरुग्णालयात ठेवण्यापलीकडे फारसे काही हाती नव्हते. कोल्हापूरकरांसाठी ते म्हणजे रत्नागिरी.

ही औषधे मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे ग्राहक, म्हणजे ते जिथे चिकटते त्या जागा, अडवतात. साधारण 65 टक्के अडवले की भास कमी होतात, 80 टक्क्यांपुढे हातपाय कडक होतात, थरथर सुटते. पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण मुलांत, मान वाकडी होते, डोळे वर जातात, जबडा अडकतो. 'बाहेरचं झालं' म्हणून रुग्णाला देवऋष्याकडे नेतात, खरे तर प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने तो बहुधा अर्ध्या तासात सुटतो. चक्कर-उलटीवरचे प्रोक्लोरपेराझिन याच घराण्यातले. ते महिनोन्‌महिने घेणाऱ्या म्हाताऱ्यांची चाल मंदावते, हात कापतो, आणि त्यावर पार्किन्सनची (कंपवाताची) आणखी एक गोळी सुरू होते. आधी ती चकरेची गोळी थांबवून पाहावी.

1960 मध्ये डिले-डेनिकर यांनीच आणखी एक धोका नोंदवला: जोराचा ताप, लाकडासारखे कडक अंग, घाम, गोंधळलेले भान. शरीरातले पाणी कमी झाले की तो वाढतो. शिवाय या गोळ्यांनी अंग थंड ठेवण्याची ताकद घटते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत उसाच्या फडात दुपारी राबणाऱ्याला हे बजावून सांगावे लागते. अशी लक्षणे दिसली तर पुढची गोळी द्यायची नाही आणि त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठायचे. पॅरासिटामॉल देऊन रात्र काढू नये.

सर्वांत शिस्तीचे औषध क्लोझापिन. 1975 मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी कोसळून रुग्ण दगावले आणि बऱ्याच देशांत ते मागे घेतले गेले. 1988 च्या अमेरिकन अभ्यासात, इतर औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी 30 टक्के क्लोझापिनवर सुधारले. क्लोरप्रोमाझिनवर फक्त 4 टक्के. म्हणून ते परतले, पण रक्ततपासणीच्या अटीवर. रूढ पद्धत अशी: पहिले 18 आठवडे दर आठवड्याला सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजण्याची तपासणी), वर्षापर्यंत पंधरवड्याला, मग महिन्याला. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 1500 खाली गेले की औषध बंद. घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी सीबीसी. चंदगडहून दर आठवड्याला कोल्हापूरला येणे कुणाला परवडणार? रक्त जवळच्या लॅबमध्ये द्यावे आणि रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवावा, पण तो पाहिल्याशिवाय पुढचा साठा देऊ नये.

दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर थेट परतायचे नाही, 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढायचे, नाहीतर रक्तदाब कोसळतो. विडी-सिगारेटचा धूर यकृताचे काम वाढवून क्लोझापिन लवकर संपवतो, त्यामुळे विडी अचानक सुटली की रक्तातली मात्रा वाढते. मिसरी किंवा चघळायच्या तंबाखूचा असा परिणाम नाही. बद्धकोष्ठता मात्र हसण्यावारी नेऊ नका, क्लोझापिनमध्ये आतडे अडकून माणसे दगावली आहेत.

रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशा नव्या गोळ्यांनी कडकपणा कमी केला, पण वजन आणि साखर वाढवली. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यात पुढे. पहिल्या नोंदीनंतर तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी तपासावे. कंबर पुरुषांत 90, स्त्रियांत 80 सेंटिमीटरपुढे गेली की डॉक्टरांशी बोलायचे.

2005 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने बजावले की स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या गोळ्यांनी मृत्यूचे प्रमाण वाढते. म्हणून आजोबा रात्री घरभर फिरतात, ओरडतात, तेव्हा आधी लघवीचा संसर्ग, पोट साफ न होणे आणि दुखणे तपासतात. तरीही गरज पडली तर रिस्पेरिडोन 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू करायचे आणि काही आठवड्यांत कमी करून पाहायचे.