पाऊस पडून गेल्यावर आम्ही घळीत का नेत नाही

फोनवर सगळ्यात जास्त हेच ऐकायला लागतं, "ओ, परवा पाऊस पडला होय, पण आज लख्ख ऊन आहे की, मग कडा चढायची ट्रिप कॅन्सल का केलासा?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आपल्याकडच्या लोकांना गडावरचा काळा कातळ माहिती असतो, तो ऊन पडलं की लगेच वाळतो. गोकाकच्या बाजूला घटप्रभेच्या घळीत दगड वेगळा, वाळूखडक, म्हणजे वाळूचे कण घट्ट चिकटून झालेला, आणि हा दगड पाणी पितो. वरून कोरडा दिसतो, आत ओल असते आणि ओला असताना त्याची ताकद कमी होते, काल ज्या कपारीला दहा जण लटकले ती आज हातात येऊ शकते. आमच्याच एकाच्या हातात आली, पावाच्या लादीएवढा तुकडा. वरून रोप होता म्हणून तो दोनेक फूट खाली येऊन लटकला, पण तुकडा जिथं आपटला तिथं पाच मिनिटांपूर्वी एक जण बसून केळं खात होता. तेव्हापासून पाऊस झाला की निदान 3 दिवस सोडतो, आणि तिथं पोचल्यावरही आधी पायथ्याची माती चार बोटं उकरून बघतो, ओली लागली तर परत. जून ते सप्टेंबर विषयच नाही.

गोकाकच्या धबधब्याजवळ चढायचं का, तर नाही. 52 मीटरवरून पाणी पडतं तिथं, लांबून बघायचं आणि करदंट (गोकाकची मिठाई) घेऊन यायचं. घळीच्या तळाशी तर उन्हातही जपून, वर हिडकलचं धरण आहे, पाणी सोडलं तर इथं ढग नसताना नदी वाढते.

बाकी भीतीचं म्हणाल तर नवीन माणसाला आम्ही टॉप रोपवरच चढवतो. दोर तुमच्या हार्नेसपासून (कमरेला बांधायचा पट्टा) वर अँकरमधून, म्हणजे कड्यावर पक्क्या केलेल्या आधारातून जाऊन खाली आमच्या माणसाच्या हातात येतो, त्यामुळं हात सुटला तर थोडं खाली येऊन थांबता, दोर जरा ताणतो तेवढंच. दोर हार्नेसला बांधायची आठची गाठ (इंग्रजी 8 सारखी दिसते) तुम्ही मारायची, आम्ही तपासायची, आणि आमची तुम्ही तपासायची, लाजायचं नाही. हातानं ओढून चढू नका, दहा मिनिटात मनगटं जातात, पायावर भर द्या.

अंगठी घरी ठेवा, लग्नाची असली तरी (फटीत अडकली तर बोट सोलून निघतं). नखं कापून या. सेंट मारून येऊ नका, कड्याला आग्या मोहोळ असतं आणि ते दिसलं तर आम्ही ती भिंतच सोडतो, मग कितीही हट्ट करा.

बेळगावातून पहाटे 5 ला निघतो कारण दहानंतर दगड तापून बोटं भाजतात. जायचं की नाही ते आदल्या रात्री 8 पर्यंत व्हॉट्सॲपवर कळवतो, आम्ही कॅन्सल केलं तर पैसे पूर्ण परत, नाहीतर पुढची तारीख घ्या.