लाइन तुटली तरी जिवंत राहणारे टर्मिनल

महाप्याचे काम आटोपून ठाण्याच्या लोकलमध्ये बसलेला सर्व्हर सांभाळणारा माणूस मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडतो, दूरच्या सर्व्हरवर डेटाबेसची लांबलचक आयात सुरू करतो आणि ऐरोलीच्या पुढे नेट गेले की ती आयात अर्ध्यावर मरते. हा दोष वाटला तरी मुळात ती योजनापूर्वक केलेली सोय होती. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या आरंभीच्या काळात टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याचे आणि उत्तर वाचण्याचे साधन, टेलिफोन लाइनवरून मोडेमने जोडलेले असे, आणि समोरच्याने फोन ठेवला की त्याचे प्रोग्रॅम महागड्या सामायिक यंत्रावर बेवारस चालत राहू नयेत, यासाठी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्यांना ‘हँगअप’ संदेश पाठवी. त्या संदेशाचे ‘सिगहप’ हे नाव आजही तेच आहे. त्याकडे दुर्लक्ष करायला लावणारी ‘नोहप’ ही आज्ञा सत्तरच्या दशकातच आली. मात्र तिने प्रोग्रॅम वाचे, त्याच्याशी पुन्हा बोलता येत नसे.

ती उणीव बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान यांच्या ‘स्क्रीन’ या प्रोग्रॅमने १९८७ मध्ये भरून काढली. निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘टीमक्स’ या त्याच जातीच्या प्रोग्रॅममध्ये मागे चालत राहणारा सर्व्हर आणि आपल्यासमोरचा क्लायंट वेगळे असतात: लाइन तुटली की मरतो तो क्लायंट, तर शेल, म्हणजे आपल्या आज्ञा घेऊन चालवणारा प्रोग्रॅम, आणि त्यातले काम सर्व्हरकडे सुरक्षित राहते. २००९ मध्ये युनिक्सच्या कुळातल्या ओपनबीएसडीने त्याला मूळ प्रणालीतच स्थान दिले.

राहता राहिला माणसाचा विसराळूपणा. सेशन, म्हणजे टीमक्सने जपलेली कामाची बैठक, सुरू करायचेच राहून गेले तर ही सारी रचना निरुपयोगी, म्हणून लोकांनी ती आज्ञा लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या शेलच्या फाइलमध्ये लिहायला सुरुवात केली. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या वर्तुळातून आलेल्या ‘बायोबू’ने तर त्यासाठी वेगळी आज्ञाच दिली. टीमक्समध्ये नवे सेशन उघडताना ‘ए’ हा पर्याय दिला की त्या नावाचे सेशन असल्यास त्यालाच जोडणी मिळते, नसल्यास नवे तयार होते. खरी गोम पुढे आहे. सेशनमधला नवा शेलही तीच फाइल वाचू शकतो, म्हणून आपण आधीच टीमक्सच्या आत आहोत का, हे तपासावे लागते. तसेच शेल संवादी आहे का, म्हणजे समोर माणूस आज्ञा देतो आहे का, हेही पाहावे लागते, नाहीतर एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल नेणाऱ्या ‘एससीपी’ने साधी फाइल पाठवणेही अडते. त्यात ‘एक्झेक’ ही आज्ञा वापरून मूळ शेलची जागाच टीमक्सला दिली असेल आणि तो काही कारणाने सुरूच झाला नाही, तर लॉगिन होताक्षणी आपण बाहेर फेकले जातो. दुसरे लॉगिन उघडे ठेवल्याशिवाय हा बदल कोणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१६ मध्ये लिनक्समधल्या सेवा आणि प्रक्रिया सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या २३०व्या आवृत्तीने लॉगआउट होताच वापरकर्त्याच्या सर्व प्रक्रिया संपवणे हा मूळ पर्याय केला, आणि टीमक्सची सेशनेही त्यात सापडू लागली. गदारोळ झाला, डेबियन या लिनक्स प्रणालीने आपल्याकडे तो पर्याय बंद ठेवला. जिथे तो चालू आहे, तिथे ‘लॉगिनसीटीएल’ या आज्ञेच्या ‘लिंगर’ सुविधेने त्या वापरकर्त्याला मुभा द्यावी लागते आणि टीमक्सही त्याच्या स्वतंत्र सेवेखाली सुरू करावा लागतो.