भाकर मोडण्याचा प्रश्न : खानदेशातल्या ख्रिस्ती मननाची पार्श्वभूमी

नवापूर, नंदुरबार, साक्री या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत सकाळी फोनवर जे ‘मनन’ येते, त्याचा साचा आता सगळ्यांना पाठ झाला आहे. एक वचन, घरातला किंवा शेतातला एखादा प्रसंग, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. कपाशीचा भाव पडला, भावाभावांत बांधावरून बोलणे बंद आहे, मुकादमाकडून घेतलेली उचल दिवाळीआधीच संपली आणि आता ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघावेच लागणार, असे हे प्रसंग. मोठ्या धर्मसिद्धांतांना इथे फारसा वाव नसतो. विश्वास चुलीपाशी, शेतात आणि बाजारात कसा टिकवायचा, एवढाच विषय. पण तो मांडायची भाषा सहजासहजी हाती आली नाही, आणि त्यात सर्वांत जास्त ओढाताण झाली ती ‘भाकर’ या साध्या शब्दाची.

आधीचा इतिहास थोडक्यात. मराठीत मत्तयाचे शुभवर्तमान 1805 मध्ये आणि नवा करार 1811 मध्ये छापला गेला, तोही बंगालमधल्या श्रीरामपुरात. अमेरिकन मिशनरी मुंबईत 1813 ला आणि अहमदनगरला 1831 ला पोचले. 1842 मध्ये नगरहून निघू लागलेल्या नियतकालिकाने मराठी ख्रिस्ती गद्याला वळण दिले. खानदेशाचे नाव या कहाणीत उशिरा येते. भुसावळला रेल्वे आली तशी रेल्वेच्या नोकरदारांची इंग्रजी वळणाची प्रार्थनाघरे उभी राहिली, पण गावकुसाबाहेरच्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता. छप्पन्नचा दुष्काळ (1899-1900), सुरत-अमळनेर ही तापी खोऱ्यातली रेल्वे आणि 1906 मध्ये जिल्ह्याचे पूर्व-पश्चिम असे झालेले दोन भाग, हे सगळे सात-आठ वर्षांत घडले. त्याच सुमारास स्वीडन आणि अमेरिकेतून आलेली मिशने पश्चिम भागातल्या मावची, भिल्ल, कोकणी या आदिवासींच्या वस्त्यांपर्यंत पोचली.

त्यांच्या हातात पुस्तके होती ती नगर-पुण्याच्या छापील मराठीतली. घरात बोलणे मावची, भिलोरी किंवा अहिराणीत. म्हणजे देवाशी बोलायची भाषा एक आणि सासूशी बोलायची दुसरी. ही फट पुढे अनेक वर्षे राहिली, आणि अजूनही काही प्रार्थनासभांत म्हातारी माणसे पुस्तकी मराठीत सुरुवात करून तिसऱ्या वाक्याला मावचीवर येतात. प्रार्थना खरी तिथून सुरू होते, असे माझे मत आहे.

आता भाकरीकडे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतल्या या ओळीतला गोंधळ मराठीच्या फार आधीचा आहे. मूळ ग्रीकात ‘रोजची’च्या जागी जो शब्द आहे, त्याचा या प्रार्थनेबाहेर निर्विवाद दाखला सापडत नाही. तिसऱ्या शतकातल्या एका भाष्यकाराला तर तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा असे वाटले. चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतर करणाऱ्याने तोच शब्द लूकात ‘रोजची’ असा घेतला आणि मत्तयात ‘द्रव्यापलीकडची’ अशा अर्थाचा केला. एकाच माणसाने, एकाच प्रार्थनेत! उद्याची, गरजेपुरती, स्वर्गीय, असे आणखीही अर्थ लावले गेले. मराठीने ‘रोजची’ घेऊन वाद मिटवला. पण त्याच्या पुढच्याच शब्दावर नवा उभा राहिला.

‘पाव’ घेता आला असता का? पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकून गावे बाटवली, ही आख्यायिका महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. पाव हा बाटण्याचा शब्द होता. पोळी सणाची. अन्न म्हटले तर मोडता येत नाही, आणि मोडणे तर या सगळ्याच्या मध्यभागी आहे. भाकर मात्र मोडते, वाटता येते, कोरडीही खाता येते. शिवाय योहानाच्या सहाव्या अध्यायात पोराजवळ ज्या पाच भाकरी आहेत त्या जवाच्या, म्हणजे गरिबाच्या. ज्वारी-बाजरी खाणाऱ्या प्रदेशाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. भाषांतर म्हणून निवड चोख होती, याबद्दल मला शंका नाही.

अडचण प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून मंडळीत भाकर मोडून द्राक्षारस घेतात त्या विधीच्या, मेजावर झाली. शब्द भाकर, आणि ताटात मात्र शहरातून आणलेला पाव किंवा बिस्किटासारखा पातळ पापडा. काही पाळकांनी सरळ भाकरच ठेवायला सुरुवात केली, आणि मग मंडळीतल्या वडीलजनांचे प्रश्न सुरू झाले. कळणाची चालेल का? त्यात उडीद आणि मीठ असते. खमीर नसलेली म्हणून भाकर अधिक योग्य, असा एक पक्ष. रोज दोन वेळा खातो तीच पवित्र कशी, असा दुसरा. दुसऱ्या पक्षाची अडचण मला कळते, पण भोजनाचा अर्थ त्यांच्या हातून निसटत होता. ‘रोजची’ हा शब्द प्रार्थनेत ठेवायचा आणि रोजचे ताट मात्र दाराबाहेर, हे जुळत नाही. नवापूर तालुक्यातल्या एका घरी मी पाळकबाईंना शनिवारी रात्री तयारी करताना पाहिले आहे. ज्वारीची पातळ भाकर तव्यावर कडक होईपर्यंत शेकायची, सुरीने नखाएवढे तुकडे करायचे. काळ्या मनुका सकाळी भिजवलेल्या, त्या उकळून, कुस्करून, धोतराच्या फडक्यातून गाळायच्या. द्राक्षारस तो हाच. दारूचा थेंबही चालायचा नाही, कारण ज्या वस्तीत पूर्वजांना आणि देवांना मोहाची धार दिली जाते, तिथे दारू सोडणे हीच मंडळीत आल्याची पहिली खूण ठरली होती. मननांत दारूचा विषय इतका का येतो, त्याचे मूळ इथे आहे.

भाकरतुकड्याचेही तसेच. नवरी दारात आली की भाकरतुकडा ओवाळून टाकतात. मिशनच्या जुन्या नियमांत ते बंद. घरांत मात्र ते पूर्ण बंद कधीच झाले नाही. कुठे तुकडा ओवाळण्याआधी प्रार्थना करतात, कुठे ओवाळून टाकण्याऐवजी नवरीला खायला देतात. याला तडजोड म्हणायचे की समज, यावर आजही दोन तट आहेत.

1972 च्या दुष्काळाने भाकरीला आणखी एक कडू अर्थ दिला. रेशनवर लाल मिलो ही परदेशातून आणलेली ज्वारी आली, लोक रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गेले, काही ठिकाणी मिशनच्या आवारातूनही धान्य वाटले गेले. तेव्हापासून ‘भाकरीसाठी देव बदलला’ हा टोमणा पाठीमागे लागला. गंमत म्हणजे त्या आधी दोन पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांनाही तो ऐकावा लागला. त्या काळात वाढलेल्यांच्या मननांत ‘केवळ भाकरीने मनुष्य जगणार नाही’ हे वचन वारंवार येते, ते उपदेशापेक्षा उत्तर म्हणून अधिक.

पुढच्या दशकांतल्या घडामोडी दाट आहेत. 1998 च्या 1 जुलैला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि त्याच वर्षीच्या नाताळात सीमेपलीकडच्या डांगमध्ये प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले. इकडच्या सोयऱ्यांना त्याची झळ लागलीच. सीमा फक्त नकाशावर आहे, नवापूरचे रेल्वे स्थानकही अर्धे गुजरातेत आहे. डिलिस्टिंगच्या, म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा या, मागणीने दाखल्यावरचा धर्माचा रकाना रोजच्या चर्चेत आणला. 1950 च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही, जातींच्या आदेशात आहे. हा फरक सभांमधून सोयीने गाळला जातो. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात निघाला, कोंबड्या लाखांनी मारून पुरल्या, आणि पोल्ट्रीवर राबणाऱ्या घरांत ‘रोजची भाकर’ पुन्हा शब्दशः मागितली गेली. दरम्यान मावचीतही नवा करार आला आणि मननाला घरची भाषा मिळाली.

मार्च 2020 मध्ये सगळे बंद झाले तेव्हा उसाच्या टोळ्या गुजरातेत अडकल्या होत्या. पुनरुत्थानाचा सण पडावावरच आला. प्रभुभोजन पाळकाशिवाय घेता येते का, फोनसमोर ठेवलेली भाकर चालते का, यावर मंडळ्यांनी वेगवेगळे निर्णय दिले. एका मंडळीने तर महिन्याभरात दोनदा बदलला. बारडोलीकडच्या एका पडावावर बायकांनी कोणाला विचारलेच नाही. ज्वारी संपली होती. रेशनच्या तांदळाच्या पिठाची भाकर थापली, मनुकांऐवजी काळा चहा घेतला, एकीने फोनवरचे मनन मोठ्याने वाचले. त्या दिवशीचे भोजन मंडळीच्या वहीत नोंदवायचे की नाही, हा विषय वडीलजनांच्या बैठकीत अजून निकाली निघालेला नाही.