पार्श्वभूमी : पाखराच्या जवळ जायचं कसं?

दर हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पट्टकादंब आणि चक्रवाक हे पाहुणे पाणपक्षी उतरले की त्यांच्यामागे हातभर लेन्सा घेऊन माणसंही उतरतात. मराठवाड्यात या नादाचं मूळ धरणाच्या फार आधीचं आहे. ते शोधायला पाण्यापाशी नाही, अजिंठ्याला जावं लागतं.

लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी तिथे आला आणि पुढे कॅमेराही वापरू लागला. १८६४ मध्ये लंडनला त्याच्या शंभर स्टिरिओ (दोन डोळ्यांसाठी शेजारी-शेजारी दोन, म्हणून खोली दाखवणाऱ्या) छायाचित्रांचं पुस्तक निघालं. त्याच्या शीर्षकात वास्तुकलेच्या जोडीला निसर्गेतिहासही होता. तेव्हाची ओली काच रसायन लावून, वाळायच्या आत कॅमेऱ्यात घालून, लगोलग धुवावी लागे. चित्र उमटायलाच काही सेकंद जात. तेवढा वेळ जिवंत जनावर कशाला थांबतंय! जवळून फोटो हवा तर ते मेलेलं किंवा बांधलेलं असणं सोयीचं, आणि गिल तर पट्टीचा शिकारी. पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी शिकारीचे फोटो काढले, त्यांतही वाघ आडवाच.

अभ्यासकांचीही तीच तऱ्हा. १९३१-३२ मध्ये सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पक्षी नक्की कोणता हे ठरवायला तो हातात हवा, म्हणून बंदुकीने पाडायचा आणि कातडं जपून ठेवायचं, ही त्या काळची शास्त्रीय रीत. आज छत्रपती संभाजीनगरातल्या ज्या सरोवराला त्यांचं नाव आहे, तिथे लोक कॅमेरे घेऊन जातात.

बंदुकीशिवाय जवळ जाण्याची युक्ती इंग्लंडात निघाली होती. १९०० च्या सुमारास रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ पोकळ बैलाच्या कातड्यात कॅमेऱ्यासकट लपून पाखरांचे फोटो काढत. ऐकून हसू येतं, पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. नांगरामागे बगळे बिनधास्त किडे टिपत चालतात. बैलाला पाखरू भीत नाही, मोकळ्या हाताने चालत येणाऱ्या माणसाला भितं. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय लागला की फ्लॅश पेटे आणि वाघ स्वतःच आपला फोटो काढून जाई.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा रस्ता बंद झाला. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं, १९८६ मध्ये त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. जलाशय उथळ आणि पसरट. पाणी ओसरतं तसा गाळ उघडा पडतो, त्यावर लोक गाळपेर करतात आणि काठाकाठाने पाखरं चरतात. फोटो काढणाऱ्याला आडोसा म्हणाल तर एक झाड नाही.

मग लेन्स लांब होत गेली. १९८५ मध्ये मिनोल्टाचा ७००० आला आणि आपोआप फोकस साधणारे कॅमेरे रुळले. ३६ फोटोंचा रोल जाऊन डिजिटल आलं, तेव्हा चुकलेल्या फोटोचा खर्च संपला. २०१५ च्या निकॉन पी ९०० ला तर ८३ पट झूम होता, तोही वेगळी लेन्स न घेता. माझ्या मते तालुक्याच्या गावातले मास्तर आणि दुकानदार या छंदात आले ते अशा कॅमेऱ्यांमुळेच.

पण लांब लेन्सने अंतराचा प्रश्न सुटला, हा गैरसमज आहे. उन्हं चढली की काळ्या रानावरची हवा थरथरू लागते. दोनशे पावलांवरच्या पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे एकमेकांत विरघळतात, चोच पाण्यात पडल्यासारखी वाकडी दिसते. लेन्स कितीही महागडी असो, मधली हवा ती कशी पुसणार? त्याला उपाय जुनेच: उजाडायच्या आत काठावर पोचायचं, चिखलात पालथं पडून राहायचं आणि पाखरं चरत चरत आपल्याकडे सरकतील याची वाट बघायची. काही उतावळे उठून थव्याच्या अंगावर धावतात, उडतानाचा फोटो मिळावा म्हणून. त्यांना फोटो मिळतो. बाकीच्यांची सकाळ मात्र वाया जाते, आणि हजारो मैल उडून आलेल्या पाखरांचं चरणंही.