माया पाव इंच

शिंप्यांच्या बोलीत ‘माया’ म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. पुढेमागे कपडा उसवून सैल करता यावा म्हणून आपल्याकडे ती सढळ हातानं सोडतात. अमेरिकेत ठिगळं जोडून क्विल्ट, म्हणजे गोधडीसारखी थरांची पांघरुणं, शिवणाऱ्यांनी मात्र मायेचं माप ठरवून टाकलंय: पाव इंच. दोन तुकडे जोडले की दोघांचंही पाव-पाव इंच कापड आत जातं. गणिती नक्षीच्या, त्यातही फ्रॅक्टलच्या (जिथे तोच आकार लहान होत-होत पुन्हापुन्हा येतो अशा नक्षीच्या) क्विल्टची सगळी गंमत आणि सगळी कटकट या पाव इंचात आहे.

या क्विल्टचा इतिहास सांगताना बहुतेक जण गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉट आणि १९७५ सालापासून सुरुवात करतात. त्या वर्षी त्यांनी ‘फ्रॅक्टल’ हा शब्द रूढ केला, लॅटिनमधल्या ‘फ्रॅक्टस’ म्हणजे ‘मोडलेलं, तुटलेलं’ या शब्दावरून. मग संगणक आले, रंगीत चित्रं आली आणि ती पाहून बायकांनी क्विल्ट शिवले, असा तो क्रम. मला तो अर्धाच वाटतो. सुईच्या बाजूनं बघितलं तर गोष्ट बरीच आधी सुरू होते.

अमेरिकेत लहान मुलींना शिवण शिकवताना हाती दिला जाणारा एक जुना नमुना म्हणजे ‘नाईन-पॅच’. तीन ओळींत तीन-तीन, असे नऊ चौकोन. चार कोपरे आणि मधला, असे पाच गडद. उरलेले चार फिके. याचीच पुढची पायरी ‘डबल नाईन-पॅच’. त्यात पाच गडद चौकोनांच्या जागी प्रत्येकी एक छोटा नाईन-पॅच बसवायचा आणि चार फिके चौकोन कोरेच ठेवायचे. अमेरिकेतल्या आमिश या जुन्या वळणानं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या क्विल्टांत हा नमुना नेहमी दिसतो. आता गडद चौकोन मोजा: पाच होते, पंचवीस झाले. त्या पंचविसांच्या जागी पुन्हा नाईन-पॅच बसवले तर एकशे पंचवीस. मोठ्या आकारात जे आहे तेच लहान आकारात पुन्हा, आणि त्याच्या आत पुन्हा तेच. फ्रॅक्टलची ओळख करून देताना आपण हीच व्याख्या सांगतो. नेमक्या याच आकृतीला गणितात ‘विचेक फ्रॅक्टल’ म्हणतात. हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ तमाश विचेक यांचं नाव तिला मिळालं ते १९८० च्या दशकात. डबल नाईन-पॅच म्हणजे या फ्रॅक्टलची दुसरी पायरी.

याचा अर्थ पेनसिल्वेनियातल्या शेतकरणी गणित करत होत्या असा मी लावणार नाही. पण ‘तेच, पण लहान’ हा नियम त्यांच्या हाताला ठाऊक होता. आणि तो कुठे थांबवावा लागतो, हेही.

सत्तावीस इंचांचा चौकोन घेऊ. पहिल्या पायरीला तुकडा नऊ इंचांचा, दुसऱ्या पायरीला तीन इंचांचा, तिसऱ्या पायरीला एका इंचाचा. एक इंच दिसायला हवा तर दोन्ही बाजूंची माया धरून दीड इंच कापावं लागतं, म्हणजे दिसतं त्याच्या सव्वादोन पट कापड. इथपर्यंत ठीक. चौथ्या पायरीला तुकडा एक तृतीयांश इंचाचा होतो. पण माया पाव इंचच राहते. दिसणारं कापड एक तृतीयांश आणि दोन्हीकडून आत जाणारं मिळून अर्धा इंच! क्षेत्रफळात दिसतं त्याच्या सव्वासहा पट कापड लागतं, आणि असे नुसते गडद तुकडेच सव्वासहाशे. मागच्या बाजूला शिवणींवर शिवणी चढून कापडाचा पुठ्ठा होतो आणि सुई मोडते. कागदावर पायऱ्या अनंत आहेत. कापडावर त्या तीन आहेत, फार तर चार.

कागदावरची बाजूही मँडेलब्रॉटच्या आधीची आहे. स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉख यांनी १९०४ मध्ये एक वक्र मांडला. एका रेषेचे तीन समान भाग करायचे, मधल्या भागावर त्रिकोणी टोक काढायचं, मग उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर तेच. तीन बाजूंनी हे केलं की हिमकणासारखा आकार तयार होतो. पोलंडच्या वात्सवाव शेरपिन्स्की यांनी १९१५ मध्ये छिद्रांचा त्रिकोण आणि १९१६ मध्ये छिद्रांचा चौकोन मांडला. या चौकोनाला आज ‘शेरपिन्स्कीचा गालिचा’ म्हणतात. नऊ खणांतला मधला काढून टाकायचा, उरलेल्या आठांत पुन्हा तेच. म्हणजे पुन्हा नाईन-पॅचच, फक्त रंगवायचा वेगळ्या नियमानं. त्या काळातल्या बऱ्याच गणितज्ञांना असले आकार मुळीच आवडत नसत. ज्यांना कुठेच स्पर्शिका काढता येत नाही अशा वक्रांबद्दल शार्ल हर्मिट यांनी १८९३ मधल्या एका पत्रात उघड किळस व्यक्त केली होती.

कॉखच्या हिमकणाची खोड शिवणाऱ्याला पट्कन कळते, कारण क्विल्टच्या कडेला गोट लावावा लागतो. सत्तावीस इंची बाजूच्या त्रिकोणाला ८१ इंच गोट लागेल. पहिल्या पायरीनंतर १०८ इंच, मग १४४, मग १९२, मग २५६. दर पायरीला कड एक तृतीयांशानं वाढते आणि वाढतच राहते, क्षेत्रफळ मात्र मूळ त्रिकोणाच्या १.६ पटीपुढे कधीच जात नाही. मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनचा किनारा किती लांब आहे असा प्रश्न विचारून जे दाखवलं ते हेच: मोजपट्टी जितकी बारीक, तितका किनारा लांब. आतल्या कोपऱ्यात गोट वळवताना ज्याच्या नाकी नऊ आलेत, त्याला हे निराळं सिद्ध करून दाखवावं लागत नाही.

तुकडे अचूक जोडण्याची युक्तीही जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७१८ साल घातलेली एक रेशमी चादर तिथल्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात आहे. कागदाचे साचे कापून त्यांवर कापड दुमडायचं आणि मग कडेला कड लावून हातानं टाके घालायचे, या पद्धतीनं ती जोडलेली आहे. या पद्धतीचे षटकोनी तुकडे ‘गोडीज लेडीज बुक’ या अमेरिकन मासिकानं १८३५ मध्ये छापले, आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी घरोघरी पोचली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लॉग केबिन’ लोकप्रिय झाला. मध्ये एक चौकोन (तो लाल असेल तर घरातली चूल, असं सांगतात), त्याच्याभोवती फिरत-फिरत पट्ट्या जोडायच्या, अर्धी बाजू उजेडाची, अर्धी सावलीची. हा फ्रॅक्टल नाही, कारण पट्टीची रुंदी बदलत नाही. पण ‘आधी जेवढं शिवलंय त्याच्या कडेला पुढचं जोडा’ ही रीत अंगवळणी पडली ती इथे.

क्विल्टकडे चित्र म्हणून बघायची सवय लागली ती १९७१ मध्ये. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेले क्विल्ट न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं अमूर्त चित्रांसारखे भिंतीवर टांगले. अंथरुणावरून क्विल्ट भिंतीवर गेला आणि तो धुतला जाईल की नाही, ऊब देईल की नाही, या काळज्या मागे पडल्या. नुसती नक्षी म्हणून तो शिवता येऊ लागला. पुढे १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीनं गोल फिरणाऱ्या पात्याचा कटर आणला. तो मुळात कपडे बेतणाऱ्यांसाठी होता, पण क्विल्टवाल्यांनी तो उचलला. कापडाचे थर एकावर एक ठेवून पट्टीला लावून एका ओढीत कापता येऊ लागले. शेकडो सारखे चौकोन कात्रीनं कापणं ही शिक्षा होती, आता ते एका दुपारचं काम झालं. मला विचाराल तर गणिती क्विल्टच्या इतिहासात या पात्याचा वाटा संगणकाइतकाच आहे.

संगणकाचा वाटा सगळ्यांना माहीत आहे. मँडेलब्रॉट यांनी १९८० मध्ये आयबीएममध्ये काम करताना त्यांच्या नावानं पुढे प्रसिद्ध झालेल्या संचाची चित्रं काढली. ऑगस्ट १९८५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर तो संच झळकला आणि ती काळी, गाठीगाठींची आकृती घराघरात गेली. क्विल्टवाल्यांना तिनं भुरळ घातली, पण ती शिवणीत काही बसेना. तिला सरळ कडाच नाहीत. म्हणून तिथे तुकडे जोडायचे सोडून एकावर एक चिकटवून कडेनं टाके घालण्याची रीत वापरतात, पायरीपायरीनं गडद होत जाणारे रंग घेऊन. कापडावर चित्र छापून त्यावर नुसते टाके मारण्याचा मार्गही आहे. तो मला पळवाट वाटतो. पाव इंचाशी भांडणच नाही, तर मग कापड कशाला?

वर्गात शिकवणाऱ्यांनी निवडलेला रस्ता निराळा होता. डायाना व्हेंटर्स आणि एलेन एलिसन या दोन अमेरिकन गणितशिक्षिकांनी भूमितीतली प्रमेयं, फरश्यांच्या रचना, सर्पिलं असे विषय क्विल्टमध्ये शिवले आणि १९९९ मध्ये त्यांवर पुस्तक काढलं. त्यांच्याही आधी, १९४९ मध्ये, एडा डिट्झ यांनी बीजगणितातल्या बहुपदींचा विस्तार करून त्यातल्या पदांच्या क्रमानं मागावर कापड विणायची पद्धत छापली होती. रेझा सरहंगी यांनी १९९८ मध्ये कॅन्ससमधल्या विनफिल्डला ‘ब्रिजेस’ ही गणित आणि कलेची परिषद सुरू केली, तेव्हा अशा कामाला हक्काचं व्यासपीठ मिळालं. कॉर्नेल विद्यापीठात दायना तायमिन्या यांनी १९९७ मध्ये क्रोशाच्या सुईनं अतिपरवलयी प्रतल, म्हणजे कडेकडे झालरीसारखा चुण्या पडत पसरणारा पृष्ठभाग, विणून दाखवलं होतं. ज्या पृष्ठभागाची कागदी प्रतिकृती हातात धरताच फाटायची, तो लोकरीत टिकला. सुईदोऱ्यातून खरंखुरं गणित कळू शकतं, हे मग फारसं पटवून द्यावं लागलं नाही.

सगळ्यात सोपा फ्रॅक्टल क्विल्ट शिवायचा असेल तर पास्कलचा त्रिकोण घ्या: कडांना एक, आणि आतला प्रत्येक आकडा म्हणजे वरच्या दोघांची बेरीज. आपल्याकडे पिंगलाच्या छंदःसूत्रांवर भाष्य करताना हलायुधानं दहाव्या शतकात त्याला मेरुप्रस्तार म्हटलं. विषम आकड्यांना गडद चौकोन, सम आकड्यांना फिका. आठ ओळींत छत्तीस चौकोन होतात, त्यांतले सत्तावीस गडद. सोळा ओळींत एकशे छत्तीस, त्यांतले एक्क्याऐंशी गडद. ओळी दुप्पट केल्या की गडद चौकोन तिप्पट, आणि समोर शेरपिन्स्कीचा त्रिकोण उभा. इथे तुकडा कधीच लहान होत नाही. नक्षी आत शिरण्याऐवजी बाहेर वाढते, म्हणून पाव इंच आडवा येत नाही. हवा तेवढा मोठा करा, पलंग संपेपर्यंत.

अनंताशी जमवून घ्यायची दुसरी जागा म्हणजे वरचे टाके. डाव्हिड हिल्बर्ट यांनी १८९१ मध्ये एक वक्र दिला, जो स्वतःला कुठेही न छेदता वळत-वळत अख्खा चौकोन भरत जातो. क्विल्टचे थर धरून ठेवायला यंत्रावर जी नागमोडी शिलाई मारतात, तिचाही अलिखित नियम हाच: दोरा तोडायचा नाही, रेष रेषेवर जाऊ द्यायची नाही, मोकळी जागा ठेवायची नाही. संगणकावर चालणाऱ्या क्विल्टयंत्रांना आता थेट हिल्बर्टचा वक्रच देता येतो.

आपल्याकडची गोधडी या चर्चेत हल्ली वरचेवर ओढली जाते. तिचा धावदोरा कडेनं सुरू होऊन चौकटीत चौकट करत मध्याकडे जातो, तेव्हा तिला ‘देशी फ्रॅक्टल’ म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. लुगड्यांचे थर सरकू नयेत म्हणून घातलेले ते टाके आहेत, आणि चौकट लहान झाली तरी टाका तेवढाच राहतो. उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागातले सिद्दी, ज्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलं होतं, आजही कोकणी बोलतात. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदीही अशीच कडेकडून आत जाते, आणि चार कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणांचं एकेक फूल असल्याशिवाय ती पुरी होत नाही. लॉग केबिन मधून बाहेर वाढतो, कवंदी बाहेरून मध्याशी येऊन संपते. तिचं खरं वैशिष्ट्य मला हे वाटतं, त्याला फ्रॅक्टलचा शिक्का नको. भारतात खरा दुवा शोधायचाच तर तो कोलममध्ये, म्हणजे तमिळ रांगोळीत आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कोलमच्या नक्ष्यांचं व्याकरण मांडलं. ‘कृष्णाची पैंजणं’ या कोलमची मोठी आकृती छोट्यांपासून ठरलेल्या नियमानं वाढत जाते. उंबऱ्याबाहेर पिठानं काढलेल्या रेघेला मायाच लागत नाही.

पेनरोज यांच्या फरश्यांची कथाही इथे सांगायला हवी, कारण तिच्यातही क्विल्ट आहे, जरा भलत्या ठिकाणी. ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी १९७० च्या दशकात अशा फरश्या शोधल्या ज्या सगळी जमीन भरतात, पण नक्षी ठरावीक अंतरानं जशीच्या तशी पुन्हा येत नाही. किम्बर्ली-क्लार्क कंपनीच्या ‘क्विल्टेड’ म्हणवल्या जाणाऱ्या शौचालयाच्या कागदावर तीच नक्षी उमटवलेली आहे, असा दावा करत १९९७ मध्ये त्या कंपनीवर खटला भरला गेला.

पेनरोज यांना दोन आकार लागले होते. एकाच आकारात हे जमतं का, हा प्रश्न मार्च २०२३ पर्यंत लोंबकळत होता. इंग्लंडमधल्या डेव्हिड स्मिथ या हौशी माणसाला ‘हॅट’ हा तेरा बाजूंचा आकार सापडला, आणि क्रेग कॅप्लन, जोसेफ मायर्स व खाइम गुडमन-स्ट्रॉस यांच्यासह त्यांनी तो सिद्ध केला. त्या सिद्धतेत फरश्यांचे गट करून त्यांतून तसेच मोठे गट बांधत जातात, म्हणजे पुन्हा डबल नाईन-पॅचचीच चाल. हॅटचे आत वळलेले कोपरे यंत्रावर शिवायला अतिशय वाईट. पण हा आकार आठ पतंगांचा बनलेला आहे, आणि असे सहा पतंग मिळून एक षटकोन होतो. कागदी साच्यावर हातानं शिवणाऱ्यांच्या डब्यात तो पतंग आधीपासूनच असतो. त्यांनी साचे कापले, कापड दुमडलं आणि १७१८ च्या त्या चादरीसारखेच कडेला कड लावून टाके घालायला घेतले.